आशालताच्या विहिरीचं पाणी

आशालतानं कमरेवरची कळशी मिठागराच्या बांधावर आदळली. निम्मं पाणी कृष्णाबाईच्या पायांवर सांडलं.

"चाखून बघ, कृष्णाबाय! माजी इहीर खारी केलीस. दोडक्याचा मांडव करपला माजा!"

कृष्णाबाईनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. मचूळ होतं. "हं," म्हणाली आणि पुन्हा वाफ्यातलं मीठ ओढायला लागली.

"अगं, भांड तरी माज्याशी!"

भांडणसुद्धा कृष्णाबाईला येईनासं झालं होतं. नवरा रामनाथ गेला त्या दिवशी ती आल्यागेल्याला चहा विचारत होती. त्याआधी खाडीच्या तोंडाशी टॉवरांसाठी भराव पडला, भरतीचं पाणी मिठागरात यायचं थांबलं, वाफे तडकले. रामनाथ रोज त्या कोरड्या वाफ्यांशी जाऊन बसायचा. एका दुपारी तिथंच आडवा झाला.

मग सून जागृतीनं हट्ट धरला. "आई, खाडी गेली तर गेली. जमिनीखाली खारं पाणी आहे. बोअर मारू, सोलर पंप लावू." लोक गोड्या पाण्यासाठी नवस करतात; हिनं खाऱ्यासाठी नारळ फोडला. पाणी लागलं आणि आगर पुन्हा पांढरं झालं. कृष्णाबाईचे हात चालत होते, आत सगळं बधिर.

आशालता ओरडत गेली तशी कृष्णाबाई दोघींच्या मधल्या वईपर्यंत, काटक्यांच्या कुंपणापर्यंत, चालत आली. पंप उन्हं असेस्तोवर चालायचा, वाफ्यांना नको झालेलं पाणी वईलगतच्या चरात तुंबायचं. तेच झिरपून विहिरीत उतरत होतं.

तिनं जाऊन पंप बंद केला.

"आई, काय करताय? मीठ निम्म्यावर येईल!"

"येव दे. वाफं पितील येवढाच पानी काढायचा. शेजारनीचा पानी नासवून मीठ पिकवायचा नाय."

सासू-सुनेनं चर उपसला. दुसऱ्या दिवशी पाणी झिरपू नये म्हणून कृष्णाबाई त्यात चिकणमाती टाकून एकटीच तुडवत होती. आशालता वईपलीकडून बघत राहिली. मग चपला काढून खाली उतरली आणि शेजारी तुडवायला लागली. थोड्या वेळानं थांबली.

"रामनाथभाव असता तर..." म्हणाली आणि चिखलात उभ्या उभ्या रडायला लागली.

कृष्णाबाईनं तिचा दंड धरला. "हलू पाय टाक. निसरडा हाय."

त्या साली मीठ निम्मंच झालं. पावसानं विहीर धुतली, आशालताच्या मांडवाला पुन्हा दोडकी लोंबली. दिवाळी सरली, जमीन वाळली, तशी कृष्णाबाई कुणी न सांगता फावडं घेऊन आगरात उतरली.

"आई, आता बरं वाटतंय ना?" जागृतीनं विचारलं.

कृष्णाबाईनं फावड्यानं वाफ्याचा काठ थापला.

"ठावं नाय, बाय. पंप चालू कर. ऊन वर आलाय."