पलंगाच्या दोन खाटा

"दुधाच्या वाटीत स्क्रू! आता चहाच्या कपात खिळे आणि तांदळाच्या डब्यात करवत ठेव, म्हणजे एकदाचं घर लागलं म्हणायचं!"

मावशी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. डोळ्यांत औषध घालून घ्यायला त्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईकडे गेल्या होत्या, फार तर अर्धा तास. तेवढ्यात सुनेने लेकाचा पलंग खोलून ठेवला होता. गादी भिंतीशी उभी. फळ्या जमिनीवर ओळीने. चार माणसांनी घाम गाळत वर चढवलेल्या त्या पलंगाची डोक्याकडची पाटी न्हाणीघराच्या दाराला टेकलेली. आणि या सगळ्याच्या मधोमध सून मांडी ठोकून बसलेली, दातांत पेन्सिल धरून.

"आई, ती वाटी चिरलेली आहे," सून पेन्सिलीमागून म्हणाली.

"मग काय झालं? मीपण चिरलेलीच आहे. माझ्या तोंडात भर की स्क्रू."

रविवारची सकाळ होती आणि मावशींचं डोकं तापायला एवढं पुरे होतं. गल्लीत त्यांना तोंडावर 'मावशी' म्हणत आणि पाठ फिरली की 'कात्री'. दोन्ही त्यांना ठाऊक होतं आणि दुसऱ्या नावाचं त्यांना वाईट वाटत नसे. शाळा चौथीत सुटली होती, पण चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते, आणि त्यांनी शिवलेला सदरा उलटा करून घातला तरी चारचौघांत लाज वाटू नये असा. शिवण शिकायला येणाऱ्या पोरी आपलं काम पुढे धरायच्या तेव्हा मावशी शिवणीवरून एकदाच बोट फिरवायच्या आणि कपडा परत फेकायच्या. "उसव." दुसरा शब्द नाही. कितीतरी पोरी रडत घरी गेल्या. त्यातल्या तिघींची पुढे स्वतःची दुकानं झाली.

अशा बाईच्या नशिबी ही सुतारीण आली.

सुनेला हे वेड लागलं त्याला आता दहा महिने झाले. शाळेच्या कचेरीतून पावणेसहाला घरी यायची, चप्पल काढते न काढते तोच गॅलरीत. शिकवणारा कोण, तर फोनमधला एक टोपीवाला. त्याची भाषा हिला कळत नव्हती, त्याला तर ही जगात आहे हेच माहीत नव्हतं, पण दोघांचं छान जमलं होतं. आधी तिने एक स्टूल केलं. त्यावर बसायचं म्हणजे माणसाने आधी घरच्यांचा निरोप घ्यावा. मग चपलांचं कपाट केलं. त्याचं दार लागत नसे, आणि लागलंच तर उघडत नसे. लाकडाचा भुसा उशीत, भुसा पिठात, केसांच्या तेलाच्या बाटलीतसुद्धा भुसा. पण मावशींना खरी किळस यायची ती डिंकाची. प्रत्येक जोडातून तो पांढरा डिंक बाहेर ओघळून तसाच वाळलेला असायचा. शेंबड्या पोराचं नाक पाहावं तसं. त्या कपाटाकडे पाहून त्यांना दोनदा जेवण गेलं नव्हतं.

"कुणाला विचारून खोललास?"

"दोन खाटा करतेय. एक मला, एक तुम्हाला." सुनेने पेन्सिल काढून कानावर ठेवली. "तुमची ती लोखंडी खाट मधोमध खचलीय. झोळीत टाकल्यासारख्या झोपता, आणि सकाळी पाठ धरून बसता."

"माझी पाठ माझ्या अंगाला आहे, तुझ्या नाही. आणि तो आल्यावर कुठे झोपेल? फरशीवर?"

सून वाटीतले स्क्रू मोजू लागली.

मावशींचा एकुलता एक लेक चौदा महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरात नोकरीला गेला होता. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी आला. मग कामं वाढली. मग गाड्या मिळेनात. मग नुसता फोन, तोही आला तर आला. काय ते गल्लीला कळलं होतं. नर्सबाई औषध घालताना जगभराच्या चौकशा करायची पण लेकाची करत नसे, म्हणजे तिलाही कळलं होतं. या घरात मात्र कुणी ते तोंडातून काढलं नव्हतं. मावशी दर रविवारी पलंगाची चादर बदलायच्या. दोन्ही उशांचे अभ्रे धुवायच्या. एका उशीवर वर्षभरात कुणाचं डोकं टेकलं नव्हतं, तरी तिचाही अभ्रा धुऊन, झटकून, इस्त्री करून. सून आपली पलंगाच्या कडेला कुशीवर झोपायची, बसमध्ये तिसऱ्या माणसाला जागा ठेवावी तशी.

"बोल की. आता तर पेन्सिलही काढलीस तोंडातली."

"तो येणार नाही, आई."

"कोण म्हणतं?"

सुनेने हात झटकले, फोन उचलला, नंबर लावला आणि एक शब्द न बोलता तो मावशींच्या हातात दिला.

तिकडून लेकाचा आवाज आला, मजेत असलेला. "हां, बोल. सांगितलंस का आईला?"

मावशींनी फोन कानाशी आणखी दाबला.

"हे बघ, टेम्पो मंगळवारी दुपारी येईल. तू कचेरीत असशील, तर आईला सांगून ठेव. पलंग नीट खोलून, दोरीने बांधून दे, पाटीला ओरखडा येता कामा नये. आणि गादीपण दे बरोबर. हिला फरशीवर झोपून पाठ धरलीय, हिला कापसाचीच लागते."

"कुणाला?" मावशींनी विचारलं.

फोनमध्ये कुठेतरी भांडं वाजलं. नळ सुरू होता, तो बंद झाला.

"आई? अगं, तू आहेस होय! मी तुला सांगणारच होतो, आई. तसं काही नाही... तुम्ही दोघीच तर आहात तिथे. एवढा मोठा पलंग काय करायचाय तुम्हाला?"

दूध पिऊन झाल्यावर पेल्याच्या तळाशी झुरळ दिसावं, तसं मावशींना झालं. गिळलेलं तर परत येत नाही, आणि पोटात राहू द्यायचं म्हटलं तर राहत नाही. 'हिला.' आईच्या पाठीचं त्याने चौदा महिन्यांत एकदा विचारलं नव्हतं. आणि ओरखड्याची काळजी करत होता, मेला.

त्यांनी फोन बंद केला. सुनेला परत देण्याआधी तो आपल्या कपड्याला दोन्ही बाजूंनी घासून पुसला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तीनदा चूळ भरली.

फळीवरची धुतलेली भांडी त्यांनी पुन्हा धुवायला काढली. गॅलरीतून करवतीचा आवाज येऊ लागला, घर्रर्र, घर्रर्र, मग थांबला. मग सुनेचा आवाज आला, स्वतःशीच. "हे कसं झालं?"

मावशी गेल्या. गेल्या म्हणजे जायचं नव्हतं, पण पाय गेले. पलंगाच्या आडव्या पट्ट्यांपैकी पहिली सुनेने मधोमध कापली होती आणि दोन्ही तुकडे शेजारी लावून ती बघत बसली होती. एक बरोबर तीन फूट. दुसरा आखूड, थोडासाच, पण आखूड.

"टेप लावूनच रेघ मारली होती, आई. बरोबर मध्यावर."

"आणि कापलंस कुठे?"

"रेघेच्या या अंगाला, चिकटून."

"मग करवत काय हवेतून गेली? तिचे दात आहेत ना जाड? ती खाते ते कुणाच्या वाट्याचं गेलं?" मावशींनी आखूड तुकडा उचलून तिच्या नाकासमोर धरला. "याच्या! अशाच सगळ्या कापल्यास तर एक खाट पुरी होईल आणि दुसरीच्या पट्ट्या खाली पडतील. आणि ती दुसरी कुणाला देणार होतीस, ते मला विचारायचं नाही. मला ठाऊक आहे."

"तुम्हाला नाही, ती मीच घेतली असती."

"गप्प बस. दहा महिने त्या टोपीवाल्याकडे डोळे फाडून बघतेस, त्याने एवढंही नाही सांगितलं? शिलाईत जाणारं कापड न धरता गणवेश बेतला तर पोराच्या बगलेत फाटतो. तेवढं तर शिवणकामाच्या पहिल्या दिवशी कळतं."

"तुम्ही दहा महिने बघत होतात, मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

यावर मावशींकडे उत्तर होतं, पण ते चांगलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि मशीनच्या खणातून खडूचा डबा घेऊन आल्या. खाली बसवत नव्हतं, म्हणून त्या सुनेच्या डुगडुगत्या स्टुलावर बसल्या, बसताना चार शिव्या दिल्या, आणि पुढची पट्टी मांडीवर ओढली. मध्यावर एक टिंब. टिंबाच्या अलीकडे एक रेघ, पलीकडे एक, मध्ये करवतीच्या जाडीएवढी जागा.

"हे मधलं करवतीला खाऊ दे. आणि चौकटीपण तेवढ्याच मापाच्या कर." त्यांनी पट्टी पुढे सरकवली. "दोघींचं सारखं कमी होऊ दे."

दुपारपर्यंत मावशींनी पट्ट्या आखल्या आणि सुनेने कापल्या. मावशींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते औषधाचं होतं. त्या पोरासाठी गाळायला त्यांच्याकडे दुसरं पाणी नव्हतं. डोक्याकडची पाटीही मधोमध कापली, तेव्हा मावशींनी स्वतः उठून खिळ्याने तिच्यावर एक लांब ओरखडा काढला. सून बघतच राहिली.

"काय बघतेस? काप पुढे."

मग गादी. गादी मावशींची, तिला सुनेने हात लावायचा नाही. त्यांनी मोठी कात्री काढली, गादी मधोमध फाडली, आणि आतला वास वर आला. घाम, जुनं केसांचं तेल, कोंदट कापूस. अंथरुणाच्या त्या अंगाला, जिथे लेक झोपायचा, खोळीवर पिवळे डाग होते आणि कमरेच्या जागी चांगला खड्डा पडला होता. काठाच्या शिवणीत काहीतरी खरखरीत लागलं म्हणून मावशींनी दुमड उलटी केली. नखं. दातांनी कुरतडलेली, चंद्रकोरीसारखी, कितीतरी. लहानपणी या सवयीपायी त्यांनी त्याच्या बोटांना कडू औषध लावलं होतं, हातावर पट्ट्या मारल्या होत्या. तरी तो रात्र रात्र इथे पडून नखं खात होता आणि आपल्याच अंथरुणात थुंकत होता. शी! आणि हे अंथरूण आपण दर रविवारी झटकून, सारखं करून ठेवलं.

त्यांनी एकेक नख वेचून काढलं.

"तो भाग मला द्या, आई," सून म्हणाली. "तुम्हाला आणि खड्ड्यात झोपायला नको."

"वाढवला मी. खड्डापण माझाच."

चाळीस वर्षांच्या चिंध्यांची पिशवी त्यांनी उपडी केली. निळ्या, करड्या, खाकी, शेकडो पोरांच्या गणवेशांचे उरलेले तुकडे. ते खड्ड्यात कोंबले, मुठीने कापूस ओढून वर सारखा केला, आणि दोन्ही गाद्यांच्या उघड्या बाजू शिवून टाकल्या. टाका असा की कुठून फाडलं ते सांगता येऊ नये.

खाटा सोमवारी संध्याकाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीचे दोन पाय जुने, काळपट, आणि दोन नवे, पांढरट. दिसायला अगदीच ओंगळ. एक बाहेरच्या खोलीत, लोखंडी खाट काढून तिच्या जागी, एक आतल्या.

मंगळवारी दुपारी टेम्पोवाला आला. धापा टाकत, खांद्यावर दोरी.

"पलंग न्यायचाय, आजी. मोठा, सहा फुटी."

"बघा बाबा घरभर. कुठे दिसला तर न्या."

त्याने खरंच बघितलं. बाहेरच्या खोलीत एक अरुंद खाट, आतल्या खोलीत एक अरुंद खाट. त्याने कागदावरचा पत्ता परत वाचला. "साहेब म्हणाले, पलंग आणि गादी. मी रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

"रिकाम्या हाताने कशाला?" मावशींनी स्वयंपाकघरातून एक पिशवी आणून त्याच्या हातात दिली. तोंड टाक्याने शिवून बंद केलेलं होतं.

त्याने ती दाबून पाहिली. "यात काय, भुसा?"

"भुसा, आणि त्याची थोडी नखं. करवतीने खाल्लं ते त्याच्या वाट्याचं. सांगा, आईने स्वतः भरून दिलंय. आणि जिन्यात सांडू नका, मी आत्ताच झाडलंय."

संध्याकाळी पावणेसहाला सून आली, तेव्हा मावशी बाहेरच्या खोलीतल्या खाटेपाशी वाकून उभ्या होत्या आणि चौकटीच्या खालून बोट फिरवत होत्या, जोडाजोडावरून, सावकाश.

"टेम्पो आला होता?"

"आला. गेला."

मावशींचं बोट चौथ्या कोपऱ्यावर थांबलं.

"डिंक पुसायला कधी शिकणार आहेस? शेंबूड गळतोय नुसता. हा स्क्रू तिरका. हा तर अर्धा बाहेर, उद्या कुणाचा पाय फाडेल. आणि नवे पाय असे पांढरेफटक, पडवळासारखे. एवढं घाण काम माझ्या शिकवणीतल्या सगळ्यात ढ पोरीनेपण केलं नव्हतं."

सुनेने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. खिडकीत ठेवलेली दुधाची चिरलेली वाटी घेतली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि खाटेच्या पायाशी येऊन बसली.

"उसवू?" तिने विचारलं.

मावशी आधी काठावर बसल्या. मग एक हात मागे टेकून सावकाश आडव्या झाल्या, निळ्या-करड्या चिंध्या भरलेल्या त्या जागेवर पाठ ठेवली, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खाटेने आवाज केला नाही.

"नको," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "डुगडुगत नाही."