न गाळलेलं पाणी

भिमाजीचा तोरा मोठा होता. लोणावळ्याला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून वरच्या डोंगरात तळं बांधलं, तेव्हा भिंतीवर पाच वर्षं दगड वाहिले होते त्यानं. विलायतेतली मोठी लढाई संपली, तळं भरलं, आणि साहेबानं त्यालाच राखणदार नेमलं. बायको धोंडाबाईला घेऊन तो काठावरच्या खोपटात राहायला आला. भोवती जांभळी, करवंदीच्या जाळ्या, आणि माणसाची वस्ती म्हणाल तर हे दोघंच. पाणी नळानं खाली जायचं, वाळूतून गाळलं जायचं, मग गावात पोचायचं.

धोंडाबाई माहेरच्या सवयीनं हंड्याच्या तोंडावर लुगड्याचं दुहेरी धडपं बांधून पाणी गाळायची. भिमाजीला ते झोंबलं.

"ही काय गावची हीर हाय? माझ्या तळ्याचं पानी गाळतीस व्हय?"

तिनं धडपं सोडलं आणि चुलीवरची भांडी उतरवायला घेतलं. नवऱ्याशी कोण डोकं लावणार!

साहेबाचा हुकूम एकच होता. पाण्यात कुणाचा पाय पडता कामा नये, नारूवाल्याचा तर नाहीच. नारू पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा निघतो. तेव्हा आगीचा डोंब उसळतो. पाय पाण्यात सोडला की आग निवते, पण नारूची पिल्लं पाण्यात सुटतात; पाणी गाळलं तरच ती अडतात. साहेबानं हे त्याला दोनदा समजावलं होतं.

मळवलीचा लाकूडवाला गफूर एकदा असाच पाय घेऊन काठावर आला.

"भिमाभाऊ, घटकाभर पाय बुडवू दे. जीव चाललाय."

"गेला तरी हितं न्हाई," म्हणून भिमाजीनं काठी उगारली. गफूर रडत डोंगर उतरला. भिमाजी महिनाभर ही गोष्ट कौतुकानं सांगत होता.

त्याच उन्हाळ्यात तो घर शाकारायला एकटाच गावी गेला आणि आठ दिवस, लोक पाय बुडवून पाणी भरतात त्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी तसंच प्याला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या घोट्यावर फोड आला. धोंडाबाई रोज बोटभर नारू ओढून काडीला गुंडाळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती सरपणाला गेली आणि भिमाजीचा धीर सुटला. तळ्यात उतरायची वाट एकच, धोंडाबाई हंडा भरायची ती. तिथंच त्यानं गुडघ्यापर्यंत पाय सोडला. एवढ्या पाण्याला एका पायानं काय होतंय, असं त्यानं मनाला समजावलं.

संध्याकाळी ती तिथंच हंडा भरायला गेली. गाळून घे, एवढंच भिमाजीला म्हणायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. नोकरीपेक्षा त्याला बायकोपुढं मान खाली जायची भीती जास्त होती. महिनाभर ती तिथलं पाणी भरत राहिली आणि तो गप्प बसला. तोही तेच प्याला, पण त्याला पुन्हा काही झालं नाही.

बरोबर वर्षानं धोंडाबाईच्या पायाला फोड आला.

"मी तर कुटं गेली न्हाई. मला कसा झाला?" ती म्हणाली. मग कळवळून तिनं विचारलं, "अवं, गेल्या साली तुमचा पाय लय पेटलावता. तुमी काय केलं?"

"सोसलं," भिमाजी म्हणाला.

"मंग मी बी सोसते."

तिनं पदर तोंडात कोंबला. काडी आता भिमाजीच्या हातात होती. त्यानं घाईनं ओढलं आणि नारू आतल्या आत तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, आणि नवव्या दिवशी धोंडाबाई गेली. लोणावळ्यात मात्र कुणाला काही झालं नाही.

तेरावं झाल्यावर गफूर भेटायला आला. लंगडत चढला होता. भिमाजीनं त्याच्यासाठी पाणी ओतायला घेतलं. हंड्याच्या तोंडावर धोंडाबाईच्या लुगड्याचं दुहेरी धडपं बांधलेलं होतं.

"सरकारी पानी गाळतोस, भिमाभाऊ?"

भिमाजी खाली बसला आणि कुणालाच न सांगितलेलं सगळं त्यानं गफूरला सांगितलं. काठी उगारल्यापासून नारू तुटेपर्यंत. गफूरनं ऐकून घेतलं. मग भरलेला तांब्या तसाच ठेवून तो उठला आणि डोंगर उतरून गेला.