शिंप्याच्या दुकानातली चिडलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला डोकं नाही, तरी ते सध्या तापलेलं आहे.

सुताराने मला घडवलं ते शिंप्याच्या दुकानासाठी. काका कापड कापायचे, काकू शिवायच्या. "हिच्यावर बसलं की उठवत नाही," असं गिऱ्हाइकं म्हणत आणि मी फुगून जाई. शब्द फोडून सांगायची खोड असलेले एक मास्तर माझ्यावर तासन् तास बसत. माझं शिक्षण झालं ते तेवढंच.

मागच्या महिन्यात काका गेले. काकूंना कापड बेतता येत नाही. लोकांची कापडं खुंट्यांवर तशीच लटकत राहिली. ती परत गेली असती, तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

माणसं भेटायला येऊ लागली. एकजण मोबाइलवर अंगठा फिरवत म्हणाला, "भावपूर्ण श्रद्धांजली." अरे, अंजली म्हणजे ओंजळ! श्रद्धेने भरून वाहायची, म्हणून तो शब्द झाला. ओंजळीला दोन्ही हात लागतात, आणि तुझा एक फोनमध्ये अडकलेला.

मग एक बाई आल्या. "आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत हो." सहभागी म्हणजे वाटेकरी. बाईंनी वाटून काय घेतलं? काकूंनीच केलेला चहा. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "माझा ड्रेस कधी होईल?" मी संतापाने करकरले, पण खुर्चीचं कोण ऐकतं?

शेवटी समोरचा शिंपी आला. गिऱ्हाइकं पळवण्यावरून त्याचं आणि काकांचं हाडवैर; एकमेकांचं तोंड बघत नसत.

"वहिनी, कात्री कुठे असते?"

"बसा ना, भाऊजी."

"नको. आधी कुठलं कापायचं?"

काकूंनी कात्री त्याच्या हातात दिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. त्याने "रडू नका" म्हटलं नाही. तो कापडावर खडूने रेघा मारत राहिला. आता रोज दुपारी स्वतःच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून येतो आणि काकूंनाही बेतायला शिकवतो.

मित्रांनो, माझा राग शब्दांवर नाही. पण कोणाच्या दुःखात जाल, तेव्हा हात रिकामे ठेवून जा. तिथे काहीतरी करायचं पडलेलं असतंच.

माझा जन्म लोकांना बसवण्यात गेला. तो शिंपी मात्र अजून एकदाही माझ्यावर बसलेला नाही. त्याच्याइतका मान मी कोणालाच देत नाही.