उसनी डबी

निर्वासितांच्या छावणीतली ती सकाळ नेहमीसारखीच होती. नळावर भांडणं, संडासापुढे रांग, आणि शिंपीणकाकूंच्या दारात रिकाम्या डब्या घेऊन उभ्या असलेल्या बाया.

हसू नका! लढाईतून जीव वाचवून आलेल्या या लोकांची पोरं शहरातल्या शाळेत बसवायची, तर दर तीन महिन्यांनी त्यांच्या शौचाची तपासणी होई. ज्याच्या पोटात जंत निघतील त्याचं नाव शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लागे, आणि पोर घरी बसे. पहिल्या तपासणीत मोठ्या माणसांनाही तपासलं होतं, त्यात एकट्या शिंपीणकाकू साफ निघाल्या होत्या. तेव्हापासून प्रत्येक पोराच्या नावाची डबी काकूच भरून देत, आणि झोपड्यांची अख्खी ओळ त्यांच्याच पोटाच्या जिवावर निरोगी ठरत होती. मग औषध देणार कुणाला? कागदावर आजारी कुणीच नव्हतं.

इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या बाईची लेक, आठ वर्षांची टिल्ली, त्या सकाळी वेणी घालता घालता ओकली. ओकारीत वीतभर लांब जंत वळवळत होता. पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"माती टाक त्याच्यावर, कुणी बघेल," सासूबाई कुजबुजल्या. "आणि जा, काकूंकडून डबी आण."

"नाही आणणार," धुणेवाली म्हणाली.

"अगं, फळ्यावर नाव लागलं तर तोंड दाखवायला जागा राहील का?"

"पोरगीच राहिली नाही तर तोंड घेऊन काय करू, आत्याबाई?"

तिनं टिल्लीचीच डबी भरली, पोरीला कडेवर घेतलं आणि तडक शाळेचं फाटक गाठलं. तिथं टेबलाशी तपासणीची नर्स आणि शाळेचा कारकून बसले होते.

"ही तिची स्वतःची आहे," ती म्हणाली. "आजवरच्या सगळ्या उसन्या होत्या. आज जंत तोंडातून पडलाय. औषध द्या."

नर्सनं पोरीची पापणी खाली ओढून पाहिली. "अहो, गोळ्यांनी बरी होणारी पोर! किती दिवस लपवलंत?"

बाईला रडू फुटलं. एवढ्यात कारकुनानं खडू उचलला. "नाव सांगा. फळ्यावर लिहायचंय."

तिनं डोळे पुसले आणि खडू त्याच्या हातातून ओढून घेतला. "मीच लिहिते. लाज आम्हाला कशाची? पोटात जंत आम्ही हौसेनं पाळले नाहीत!"

तिनं लेकीचं नाव लिहिलं, खाली स्वतःचं. तेवढ्यात बातमी ऐकून मागून शिंपीणकाकू धापा टाकत आल्या. सगळी ओळ त्यांच्यामागे होती.

"आजपासून माझं पोट कुणाला उसनं मिळायचं नाही," त्यांनी बजावलं. "लिहा गं आपापली नावं!"

फळा भरला. कारकून घाबरून म्हणाला, "अहो, एवढी पोरं घरी बसवली तर वर्ग ओस पडतील!"

"मग बसवू नका. औषध द्या आणि शिकवा," धुणेवाली म्हणाली. "आणि तुमच्या साहेबांना विचारून या. दोनशे माणसांना एक संडास, त्याला खेटून पिण्याच्या पाण्याचा नळ. हे ज्यानं मांडलं, त्याचं नाव कुठल्या फळ्यावर लिहायचं?"