मिठबावची सतरा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. मालवणातल्या मच्छीमार सोसायटीच्या माळ्यावर फाटक्या जाळ्यांखाली पडलोय. अठ्ठ्याऐंशी साली आलो तेव्हा काय थाट होता माझा! माणसं चपला काढून माझ्या खोलीत यायची.

माझा प्रोग्राम सोसायटीतल्या शुभदाने लिहिला. एका तक्त्यात आसपासच्या सगळ्या बंदरांच्या होड्या, दुसऱ्यात त्यांच्या रोजच्या फेऱ्या. प्रत्येक बंदरात होड्यांचे क्रमांक एकपासून सुरू, म्हणून फेरी होडीला जोडायची तर बंदर आणि क्रमांक दोन्ही हवेत. पण शुभदा पडली मालवणची. तिच्या किनाऱ्यावर सतरा नंबरची होडी आली की ‘सतरा इली’ एवढंच म्हणतात, बंदराचं नाव घेतो कोण? तिने जोडणी नुसत्या क्रमांकावर केली आणि मीही ती मुकाट मानली.

परत न आलेल्या होड्यांची यादी मी रोज संध्याकाळी छापायचो. तिच्यावरूनच शोधाची लाँच सुटायची.

एके सकाळी मिठबाव बंदरावरची हमिदा आली. तिचा नवरा गनी तीन दिवसांपूर्वी सतरा नंबरची होडी घेऊन एकटाच गेला होता. शुभदाने बटणं दाबली. मी ऐटीत दाखवलं: ‘मिठबाव १७. परत आली.’ काल आली, परवा आली, तेरवाही आली.

हमिदाने माझ्या काचेवर हात ठेवला. गारठलेला हात होता तो.

“रोज येता, तर घरात कसो नाय गो? मी रोज भाकरी झाकून ठेवतंय.”

मला अंग असतं तर काटा आला असता. तीन संध्याकाळी गनी घरी येत होता, पण फक्त माझ्यात.

शुभदाने फेऱ्यांचा तक्ता उघडला आणि कपाळावर हात मारला. “गे बाय माझे! ही तर आमची मालवणची सतरा!”

तिने बंदर आणि क्रमांक एकत्र जोडले. मी खरं बोललो: ‘मिठबाव १७. परत नाही.’

लाँच लगेच सुटली. दुपारी होडी सापडली. इंजिन बंद, आत कुणी नाही. फळीवर सुरीने कोरलेल्या तीन रेघा होत्या, रोजची एक. म्हणजे आदल्या संध्याकाळपर्यंत तो वाट बघत होता.

महिन्याने हमिदा पुन्हा आली. “एकदा पयल्यासारख्या दाखय गो माका. परत इली म्हणान.” शुभदा रडत राहिली.

मित्रांनो, कुणाचीही अर्धी ओळख लिहून ठेवू नका. माझी वायर कधीच काढली आहे, तरी दिवेलागणीला माझ्या काचेवर ती हिरवी ओळ उमटते: ‘मिठबाव १७. परत आली.’ तुम्हाला दिसली तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. आधी किनाऱ्यावर जाऊन बघा.