वारा काढून घेतलेली पायपेटी

मी एक पायपेटी आहे आणि मला माणसांची शिसारी आलीय. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी बरी बोलत होती आणि मध्येच बिथरली. पायाने भाता हाणायचा, हाताने पट्ट्या दाबायच्या, पोटातल्या पितळी जिभांच्या सुरांतून वारा गेला की मी गाते. गाते म्हणजे गायचे.

माझा जन्म इंचन बंदरातल्या एका कारखान्यातला. लढाई संपून फार वर्षं झाली नव्हती, लाकूड मिळेल ते आणि माणसं मिळतील ती. मला जोडलं सरसाने. हाडं उकळून केलेल्या त्या सरसाचा वास ज्याने घेतलाय त्यालाच कळेल मी काय म्हणते ते. अजूनही दमट हवेत मला माझाच वास येतो आणि नकोसं होतं.

तिथून मी दक्षिणेला, गोहुंगच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत आले. सगळ्या शाळेत पेटी एकच. गाण्याचा तास ज्या वर्गाचा, त्या वर्गाची पोरं मला चार कोपऱ्यांना धरून न्यायची, दारावर आपटायची आणि वर मलाच जड म्हणून शिव्या द्यायची. एका कार्ट्याने चघळलेला च्युइंगगम माझ्या एका पट्टीखाली चिकटवला. तो तिथेच वाळला. ती पट्टी तेव्हापासून दाबली की अडकायची. पुढे शाळेत पियानो आला, मला जेवणाच्या मुळ्यांच्या खोक्यांशेजारी कोठीत टाकलं आणि उंदरांनी माझ्या भात्यात बाळंतपणं उरकली. हे मी चारचौघांत कधी बोलत नाही, पण आज बोलते.

गावातल्या लहानशा चर्चने मला मागून नेलं. समुद्री शेवाळ वाहणाऱ्या ट्रॉलीतून माझी वरात निघाली. मला वाटलं, चला, देवाच्या घरी तरी माणसं निराळी असतील.

निराळी होती ती एकच, सुनरे. नवऱ्याबरोबर कालवांच्या बोटीवर राबणारी, पोरसवदा सून. पेटी कुणालाच वाजवता येत नव्हती, म्हणून पाळकांनी विचारलं, तर ती मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "मी शिकते." आणि शिकली. उंदरांची घाण तिने उपसली, भात्याची भोकं कातड्याने बुजवली. रेशमी कपड्यांचे उरलेसुरले तुकडे जोडून रुमाल शिवायचा तिला नाद होता. तसलाच एक तुकड्या-तुकड्यांचा झगा तिने मलाही शिवला. टाके वाकडे होते. मला आवडायचा.

आता इथली एक रीत सांगते, तिच्यावरच सगळं अडलंय. या मंडळीत प्रार्थना एकेकाने करत नाहीत. पाळक खूण करतात, सगळे मिळून तीनदा "प्रभू!" म्हणून आरोळी ठोकतात, आणि मग जो तो आपापलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगतो, एकाच वेळी. कुणाचं इंजिन बिघडलेलं, कुणाचा मुलगा परीक्षेत आपटलेला, कुणाचे गुडघे. छप्पर उडेल असा गलका. मोठ्याने नाही बोललं तर विश्वास थंड पडला असं धरतात. या गलक्याखाली पेटी मंद वाजत राहते. म्हणजे अख्ख्या चर्चमध्ये एकच माणूस असा, की ज्याने तोंड उघडलं नाही तरी त्याला कुणी काही म्हणत नाही. वाजवणारी.

सुनरेला मोठ्याने प्रार्थना यायची नाही. शनिवारी दुपारी ती सरावाला यायची, थोडं वाजवायची, थोडं शिवायची, आणि माझ्याशी बोलायची.

"तोंड उघडलं ना, की मलाच ते खोटं वाटायला लागतं," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "म्हणजे मागायचं असतं खरं, पण बाहेर पडतं ते दुसऱ्याचं ऐकलेलं. बोटं ठेवली की मात्र माझं माझं येतं. देवाला चालत असेल ना गं?"

देवाचं देव जाणे. पण तिची मागणी मला कळायची. तिची लेक मिन्जू दूर आन्सान शहरात कारखान्यात कामाला गेली, मायलेकींचं कशावरून तरी बिनसलं, आणि लेकीचा फोन यायचा बंद झाला. तेव्हापासून गलका सुरू झाला की सुनरे एक ठरावीक गीत घ्यायची, निम्म्या लयीत, आणि एका जागी नेहमी थांबायची. ती जागा मिन्जूची. अशी किती वर्षं गेली. नवरा गेला, केस पिकले, फोन काही आला नाही. पण ती मागत राहिली, आणि मी तिचं मागणं वाऱ्यावर घालत राहिले. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच.

मग नवे पाळक आले, नाम त्यांचं आडनाव. तरुण, हसरे, सतत काहीतरी ‘उभं करायचंय’ म्हणणारे. त्यांच्या बायकोला कलाकुसरीचा नाद. बाई वाईट नाही. वाईट असती तर मला तिचा नीट राग तरी करता आला असता. तिने बायकांचं हस्तकला मंडळ काढलं आणि जिथे तिथे शास्त्रवचनं उमटायला लागली. मेणबत्तीवर वचन, कपाखालच्या विणलेल्या चकतीवर वचन, साबणावरसुद्धा वचन. साबणाने हात धुतले की वचन गटारात जातं, हे एकीच्याही डोक्यात येईना. सुनरेने आपला जोडरुमाल नेऊन दाखवला, तर त्यावर वचन कुठे आहे असं विचारलं. नव्हतं. तिने तो घडी करून परत पिशवीत घातला.

ब्यॉन वडील हे मंडळीतले ज्येष्ठ, इथे अशांना ‘वडील’च म्हणतात, मासळीच्या व्यवहारातून मोकळे झालेले आणि सुतारकामाच्या छंदात पडलेले. त्यांनी चर्चला एक यंत्र भेट दिलं. गीताचा क्रमांक दाबा, आपोआप वाजतं. पियानो म्हणा, तुताऱ्या म्हणा. वडिलांचं नाव कोरलेली पट्टी त्यावर आधीच बसवलेली होती.

"सुनरेबाई," वडील प्रेमाने म्हणाले, "पुष्कळ राबलात. आता निवांत बाकावर बसायचं आणि पोटभर प्रार्थना करायची, बरं का."

"आम्हाला केव्हापासून वाटतच होतं," पाळकीणबाई म्हणाल्या. "मावशींना कधी मनमोकळी प्रार्थना करायलाच मिळाली नाही हो. सदा बिचाऱ्या पेटीला जुंपलेल्या."

"असू द्या," सुनरे म्हणाली. ती नेहमी तेवढंच म्हणते.

दया म्हणून गळा कापावा तो असा. त्यांना खरंच वाटत होतं की ते तिला सुख देतायत.

त्या यंत्राचं काय सांगू! आतून काही लागत नाही त्याला, वारा नाही, घाम नाही. एकदा दफनाच्या उपासनेत वडिलांचं बोट चुकलं आणि लग्नातलं गीत तुताऱ्यांसकट सुरू झालं. विधवा रडता रडता थांबून बघायला लागली. पण यंत्र ठणठणीत. त्याला लाज आणायची कुठून? प्रार्थनेसाठी त्याला एक बटण आहे, ‘मंद’ असं लिहिलेलं. ते दाबलं की साखरेचा पाक ओतावा तसं काहीतरी ओघळत राहतं.

सुनरे बाकावर बसू लागली. मी मागे भिंतीला ढकललेली, मला सगळं दिसायचं. "प्रभू! प्रभू! प्रभू!" आणि मग गलका. सुनरेचे ओठ हलायचे नाहीत. मांडीवर बोटं हलायची, तीसुद्धा ती पिशवीखाली लपवायची. बायकांच्या लक्षात यायला वेळ लागतोय होय?

"पेटी गेली तशी सुनरेताईची भक्तीच गेली वाटतं."

"पेटीवर होती की देवावर, कुणास ठाऊक."

पाठोपाठ तिच्या घरी भेट ठरली. चार बायका आणि पाळकीणबाई. त्यांनी तिच्याकडची सुकवलेली तेंदूफळं खाल्ली, तिने केलेला यूजा नावाच्या लिंबाच्या सालींचा चहा प्यायला आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवून, तिच्या विश्वासात ऊब यावी म्हणून तिच्याच ओसरीवर मोठ्याने प्रार्थना केली. हे मला तिनेच येऊन सांगितलं. सांगताना हसत होती. "अगं, मिन्जूचं नावसुद्धा घेतलं नाही त्यांनी," म्हणाली, आणि हसायची थांबली. "मला आता मागताच येईना झालंय. पोरीला वाटेल, आईने सोडून दिलं."

इथवरही मी सोसलं असतं. पण चर्चच्या पुढच्या दालनात कॉफीची टपरी काढायचं ठरलं, शहरातली तरुण मंडळी यावीत म्हणून. ‘जुन्या वस्तूंची ऊब’ हवी होती म्हणे. मला ओढत तिथे नेलं. सुनरेने शिवलेला झगा काढून फरशी पुसायला घेतला. हस्तकला मंडळाने मला पुदिन्याच्या चटणीसारखा हिरवा रंग फासला, वाळलेली फुलं चिकटवली, वर वॉर्निशचे दोन हात दिले आणि माझ्या डोक्यावर साबणांची टोपली ठेवली. त्या साबणांचा गोडूस वास! सरसाचा परवडला असता.

मग ब्यॉन वडिलांनी मला ठोकून बघितलं. "आतून पोकळ केली तर काय सुरेख कपाट होईल! कपबशा मावतील. पट्ट्या तशाच ठेवू, शोभेला." उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये हे जाहीर झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नूडल्स खायला गेले.

पुढच्या रविवारी आत आरोळी झाली, कुणीतरी ‘मंद’चं बटण दाबलं, गलका उसळला. आणि दार ढकलून सुनरे दालनात आली. तिने माझ्या डोक्यावरची टोपली खाली ठेवली. झाकण रंगाने चिकटलं होतं. पिशवीतली शिवणाची कात्री काढून तिने ती कड सगळीकडून कापली, झाकण उघडलं, आणि भात्यावर पाय ठेवला.

माझा आवाज घोगरा झाला होता, काही सूर मुके होते. तरी मी गायले. निम्म्या लयीत. त्या जागी ती थांबली तेव्हा मीही श्वास धरला. आतला गलका मागच्या बाकापासून विरत विरत पुढे गेला, आणि शेवटी आत एकटं यंत्र ओघळत राहिलं.

ब्यॉन वडील धावत आले. "सुनरेबाई, अहो हे काय! आत प्रार्थना चाललीय."

"मग इथं दुसरं काय चाललंय?" ती म्हणाली. इतकं हळू, की ते फक्त त्यांना आणि मला ऐकू आलं. आणि दारात उभ्या असलेल्या पाळकांना. त्यांचे डोळे भरून आले होते.

"वडील, उद्याचं कपाटाचं काम राहू द्या," ते म्हणाले.

मी मूर्ख, मी विरघळले. मला वाटलं, समजलं यांना. पुढच्या रविवारी पाळकांनी याच गोष्टीवर प्रवचन दिलं. बहिणीची मूक भक्ती वगैरे. पडद्यावर तिचा फोटो दाखवला, पाठमोरा, माझ्यासकट. रुमाल ओले झाले, यंत्राने तुताऱ्या वाजवल्या. सुनरे आपल्या गुडघ्यांकडे बघत बसली होती.

आणि सोमवारी ब्यॉन वडील पेचकस घेऊन आले. पाळकांनी बॅटरी धरली.

"तुम्हाला वाईट नाही ना वाटत?" वडिलांनी विचारलं. त्यांचा हात खरंच थबकला होता, हे मी सांगायला हवं.

"गोष्ट आता सगळ्यांपर्यंत पोचली ना," पाळक म्हणाले. "वस्तूला धरून बसण्यात काय अर्थ? आपण भावना जपली."

भाता फाडून पोत्यात भरला. सूर एकेक करून उपटले. पाळकीणबाईंना ते फेकवेनात, इतके नाजूक म्हणे. त्यांनी त्यांना वचनाच्या चिठ्ठ्या बांधून किल्ल्यांचे छल्ले केले आणि घरटी एक वाटला. सुनरेलाही दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, इथे वडीलधाऱ्यांकडून आणि पाळकांच्या घरून आलेलं तसंच घेतात, आणि पाळकीणबाईंना वाटलं ती खूश झाली.

आता माझ्या पोटात कपबशा आहेत. भाता हाणायच्या पायट्या खिळे मारून पक्क्या केल्यात. तरी गेल्या रविवारी गलका उठला आणि सुनरे आली. झाकणावर कुणीतरी दोन उष्टे कप ठेवले होते, साय धरलेले. तिने ते उचलले, ओघळ पदराने पुसावा तसा बाहीने पुसला, झाकण उघडलं आणि बसली. न हलणाऱ्या पायट्यांवर पाय, मुक्या पट्ट्यांवर बोटं. तेच गीत, तीच लय. मला ऐकू आलं नाही, पण बोटांचा भार कळला.

शहरातून आलेल्या दोन मुली कॉफी पीत होत्या. एकीने मोबाईल वर धरला. "आजी, इकडे बघून हसा ना! कित्ती गोड दिसताय."

"प्रार्थना चाललीय!" सुनरे ओरडली. "दिसत नाही?"

आतला गलकासुद्धा थबकला, इतक्या मोठ्याने. मुली लाजून उठल्या, कप माझ्यावरच ठेवून. आणि नंतर नूडल्सच्या पंगतीत बायका काय म्हणाल्या, ऐका. म्हणाल्या, "ऐकलंत ना? सुनरेताईंचा आवाज शेवटी फुटला! यंत्र आलं ते बरंच झालं." आणि त्यांनी देवाचे आभार मानले.

मला आता कुणाचा राग करायचंही त्राण नाही, नुसता उबग आहे. वाऱ्याशिवाय तिचं मागणं पोचतं की नाही, मला ठाऊक नाही. मिन्जूचा फोन आलेला नाही. पण येत्या रविवारी सुनरे येणार. तुम्ही कधी या बाजूला आलात, कॉफी घेतलीत, तर एवढं करा. कप हातात धरून प्या. तिची बोटं बसायची जागा आहे ती.