एक वीत खाली

पाच भोकं. पाचही एका बांगडीत मावतील इतकी जवळजवळ, आणि निशाणाच्या काळ्या वर्तुळाच्या मध्यापासून बरोबर एक वीत खाली – वैभवीनं हात लावून दोनदा मोजलं. टेकाडावर उभं राहून कागद डोळ्यांसमोर धरला की एका भोकातून चांद्याच्या माळावरची मेंढरं दिसायची, दुसऱ्यातून नव्या टॉवरची क्रेन.

हात हलला नव्हता, श्वास चुकला नव्हता, म्हणजे चूक गोळीची... पण गोळी कुठे चुकते? नळीतून सुटली की ती पडायलाच लागते. पन्नास मीटरला लावलेली रायफल शंभरला वापरताना स्क्रू फिरवून साइट, म्हणजे नेम धरायची खूण, वर घ्यायची, हे तिला पाठ होतं. पण पडून पडून पडेल किती, बोटभर, असं ती काल धरून चालली होती. नेमबाजी संपल्यावर प्रशिक्षक रजनी मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं – अंतर दुप्पट, तर पडणं चौपट. म्हणजे आपण सरळ बघत असतो तेव्हा नळी मात्र गुपचूप थोडी वर बघत असते! तीन वर्षं रायफलच्या लाकडाला गाल टेकवून पडले आणि मला पत्ताच नाही... वाईट वाटायला हवं होतं, पण मन मेलं त्या नळीच्याच मागे लागलं होतं.

"साइट का नाही फिरवलीस?" मॅडमनी विचारलं होतं. "परवा परत पाच गोळ्या देते. टीममध्ये एकच जागा आहे."

काय सांगणार? रायफल रेंजवरच्या मृण्मयीताईची, निवडीपुरती उसनी. बोटं स्क्रूपर्यंत गेली होती आणि चटका बसल्यासारखी मागे आली होती – कारण आजोबांची गोफण, तिची सोडलेली गाठ, आणि सातव्या वर्षी पाठीत बसलेला तो रट्टा. ज्याचा हात त्याची गाठ – दोरीची लांबी ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची. उसन्या गोफणीची गाठ सोडायची नाही. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

खाली माळावर पुढची मेंढी सोसायटीच्या हिरवळीकडे वळली. आण्णांनी, तिच्या वडिलांनी, गोफण फिरवली. दगड उंच गेला, वाकला आणि मेंढीच्या पुढ्यात पडला. ती मुकाट मागे फिरली.

वैभवी कागद घेऊन खाली उतरली. "आण्णा, कुटं बगून मारता?"

"मेंढीकडं."

"मग दगूड वर का जातुया?"

"डोळा मेंढीवर, हात वर. न्हाईतर माझ्याच पायापाशी पडंल की."

म्हणजे यांना ठाऊक होतं. फळा नाही, स्क्रू नाही... आणखी काय काय ठाऊक आहे यांना?

"आन् उसन्या गोफणीची गाठ का सोडायची न्हाई?"

"सोडायची न्हाई, आसं कोन म्हनलं? न इचारता सोडायची न्हाई."

"आज्यानं मारलं व्हतं मला."

"इचारलं व्हतंस का त्यास्नी?"

नव्हतं विचारलं. तिला हसू आलं, आणि मागोमाग रागही – पंधरा वर्षं अर्धाच नियम उराशी धरला, आणि काल तोच रेंजवर घेऊन गेले!

"आण्णा, ही गाठ सोडू?"

"सोड."

दोरी तिनं चार बोटं आखूड बांधली. डोळा दूरच्या खडकावर, हात वर, जिथे नेम धरायला काहीच नव्हतं. दगड सुटला, वाकला, खडकाच्या हातभर अलीकडे पडला. का बरं हातभर?

उद्या मृण्मयीताईला असंच विचारायचं. स्क्रू फिरवू का? तीनच शब्द. ती नाही म्हणू शकते, आणि मग जागा गेलीच. भीती गेली नव्हती; फक्त आता ती त्या स्क्रूची नव्हती, ताईच्या उत्तराची होती – आणि ते उत्तर काय येतं, हे कधी एकदा कळतं असं तिला झालं होतं.